वावटळ, वावधान की टोर्नेडो? आधी वर पाहा

एप्रिल लागला की भर दुपारी वावरातून धुळीची उंच भिंगरी पळत जाते. कोणीतरी मोबाइलवर तिचं चित्रण करतो आणि रात्रीपर्यंत ‘काटोलात टोर्नेडो’ म्हणून ते गावभर पोचतं. ती बहुधा वावटळच असते. नावानं काय बिघडतं, असं वाटेल. पण नाव चुकलं की धास्ती भलत्याचीच घेतली जाते, आणि खरं नुकसान करणारं वादळ येतं तेव्हा गोठ्याचे पत्रे सैलच असतात.

वावटळ जमिनीतून उठते. नांगरून टाकलेली काळी जमीन तापते, तिच्यालगतची हवा वर उसळते आणि गरगरू लागते. तेव्हा वर ढग नसतो, ऊन रणरणत असतं. बहुधा काही मिनिटांत ती विरते. भिवापूरकडे वाळत घातलेली मिरची उधळेल, शेडनेटची सैल कड उचकटेल, यापलीकडे तिचा फारसा जाच नाही.

टोर्नेडो मात्र ढगातून खाली उतरतो. खालच्या आणि वरच्या थरांतल्या वाऱ्यांच्या वेगात व दिशेत मोठा फरक असला, की गडगडाटी ढगात वर चढणारी हवाच फिरू लागते आणि तिची सोंड जमिनीला टेकते. रुंदी बहुतेकदा काही शे मीटरच्या आत, आयुष्य काही मिनिटांचं. पण सर्वांत जोरदार टोर्नेडोत वारा ताशी 320 किलोमीटरच्या वर जातो. आपल्या उपखंडात तो पूर्वेकडे अधिक दिसतो. 26 एप्रिल 1989 रोजी बांगलादेशात अशाच एका टोर्नेडोनं सुमारे 1300 माणसं नेली; 31 मार्च 2024 रोजी पश्चिम बंगालमधल्या जलपायगुडीतही घरं उडाली.

चक्रीवादळाचा संसार तिसराच. ते समुद्रावर जन्मतं, शेकडो किलोमीटर पसरतं आणि दिवसच्या दिवस टिकतं. नागपूरपर्यंत येईतो त्याचा जोर ओसरून उरतो तो पाऊस.

आपला खरा वैरी म्हणजे वावधान, गडगडाटी ढगासोबत अचानक सुटणारा सोसाट्याचा वारा. बंगालच्या उपसागरावरून आलेली दमट हवा आणि वायव्येची कोरडी, तापलेली हवा विदर्भावर भेटतात आणि दुपारनंतर ढग उभे राहतात. ढगातून पडणारं पाणी खालच्या कोरड्या हवेत वाटेतच वाळतं, त्यानं हवा थंड आणि जड होते आणि धाडकन जमिनीवर आदळून चहूकडे पसरते. म्हणून आधी अंगाला गार झुळूक लागते, मग धुळीचा लोट, मग टपोरे थेंब, नाहीतर थेट गारा. वादळानंतर बागेत फिरून पाहा: झाडं एकाच दिशेला किंवा पंख्यासारखी पसरून पडली असतील तर ते वावधान. एकमेकांवर आडवीतिडवी, पीळ बसल्यासारखी, चिंचोळ्या पट्ट्यात पडली असतील तर टोर्नेडोची शंका घ्यायला जागा आहे.

नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राच्या इशाऱ्यात ‘ताशी 40 ते 50 किलोमीटर वेगाचे वारे’ असं वाचलं, की त्या दिवशी धुरे (बांध) आणि काडीकचरा पेटवूच नका. सकाळी वारा पडलेला असतो, म्हणून माणूस फसतो. चारला वावधान सुटलं की ठिणगी शेजाऱ्याच्या कुटारात (भुशात) जाते. (खरं तर कचरा जाळूच नये, पण ते दरवर्षी सांगून होतं.) गोठ्याच्या पत्र्यांवर धोंडे ठेवून भागत नाही, तेच उडून जनावरांवर पडतात. पत्रे हूक-बोल्टनं आवळा आणि वासे तारेनं बल्ल्यांना बांधा.

संत्र्याच्या दोन-तीन वर्षांच्या कलमांना काठीचा आधार द्या. सुतळी आठच्या आकड्यासारखी आणि थोडी सैल असावी. आवळली तर साल कापते. ढग भरून आले असतील तर आळ्यात पाणी सोडणं एक दिवस लांबवा, ओल्या मातीत झाड मुळासकट कलतं.

विजेचा हिशेब सोपा आहे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतच्या सेकंदांना तीननं भागलं की तिचं अंतर साधारण किलोमीटरमध्ये मिळतं. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वावर सोडून पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. आंब्याखाली, मोहाखाली थांबू नका. दामिनी अ‍ॅप जवळपासच्या विजा दाखवतं, ते घेऊन ठेवा.

गारपीट झालीच, तर आधी फोटो काढा, तलाठी आणि कृषी सहायकांना कळवा; पंचनाम्याआधी पडलेली फळं उचलू नका. मग मोडलेल्या फांद्या धारदार करवतीनं साफ कापून 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना आणि 10 लिटर पाणी या प्रमाणात केलेली बोर्डोपेस्ट (बुरशी रोखणारा लेप) कापावर लावा. पेस्ट त्याच दिवशी संपवा, आणि लोखंडी बादलीत कालवू नका.