चिलापीचे फिलेट: हळदीच्या पानात आणि शेंगदाणा चटणीत

भीमेवरच्या उजनी जलाशयातली चिलापी (तिलापिया मासा) भिगवण-इंदापूर भागात बहुधा तिखट-रवा लावून तळली जाते, आणि ती चवदारही लागते. मात्र तिचे नाजूक, पांढरे मांस कमी तेलात आणि कमी वेळात अधिक खुलते, असे माझे ठाम मत आहे. फिलेटसाठी, म्हणजे मधल्या काट्यापासून सोडवलेल्या मांसाच्या सपाट तुकड्यासाठी, ती विशेष सोयीची आहे, कारण रोहू-कटल्याप्रमाणे तिच्या मांसात बारीक काटे विखुरलेले नसतात. एक किलो माशातून साधारण 300 ते 350 ग्रॅम फिलेट निघते.

गोड्या पाण्यातल्या माशाला येणारा मातकट वास भरपूर मसाल्याने झाकण्यापेक्षा आधीच कमी करावा. हा वास चरबीत आणि गडद मांसात अधिक साठतो. म्हणून फिलेटच्या मधोमध असलेली तांबूस पट्टी सुरीने तिरपी कापून काढावी, आणि डोक्याकडच्या अर्ध्या भागात बोट फिरवून उरलेले काटेही काढावेत. नंतर लिंबाचा रस, हळद व मीठ लावून दहा मिनिटे ठेवावे, कारण आंबटपणाने तो वास उतरतो. त्याहून जास्त वेळ ठेवल्यास मात्र मांस पांढरट आणि कोरडे होऊ लागते. शेवटी फिलेट स्वच्छ फडक्याने पूर्ण कोरडे टिपून घ्यावे.

पहिल्या पद्धतीत ओले खोबरे, कोथिंबीर, हिरवी मिरची व लसूण यांचे घट्ट वाटण दोन्ही बाजूंना लावून फिलेट हळदीच्या पानात गुंडाळावे. पाणी उकळल्यावरच पुड्या चाळणीत ठेवून वाफवाव्यात; बोटभर जाडीच्या तुकड्याला आठ ते दहा मिनिटे पुरतात. मांस आतपर्यंत अपारदर्शक होऊन चमच्याने सहज पाकळ्या सुटल्या, की मासा शिजला असे समजावे.

दुसऱ्या पद्धतीत सोलापुरी शेंगदाणा चटणी वापरावी. तिच्यातले दाणे आधीच भाजलेले असल्याने ती थेट तव्यावर टाकल्यास करपून कडवट होते. त्यामुळे चमचाभर तेलात फिलेटची एक बाजू तीन मिनिटे मध्यम आचेवर शिजवून ते उलटावे, शिजलेल्या बाजूवर चटणी हलक्या हाताने दाबून बसवावी आणि आच मंद करून तीन मिनिटे झाकण ठेवावे. दाबून बसवलेली चटणी माशाच्या वाफेने ओलसर होऊन त्याला घट्ट चिकटते.

चिलापीऐवजी गोठवलेला बासा मासा वापरायचा असल्यास तो आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा. त्याला पाणी फार सुटते, तेव्हा तो दोनदा टिपावा.

चिलापीचे डोके व मधला काटा मात्र टाकू नये; आमसूल घातलेल्या पातळ रश्श्याला त्यांचीच चव येते.