सागरी प्रशिक्षण संस्थांमधली गुणवत्ता व्यवस्था : या चुका टाळा

ऑडिट तोंडावर आलं की रात्री जागून फाइली भरायच्या, ही खोड अनेक संस्थांना लागली आहे. एसटीसीडब्ल्यू, म्हणजे खलाशांचं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्रं यांबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार; त्याच्या नियम १/८ प्रमाणे जास्तीत जास्त दर ५ वर्षांनी स्वतंत्र मूल्यमापन व्हावं लागतं. त्यात बघायचं असतं ते मधल्या काळात शिकवणं आणि असेसमेंट कसं चाललं ते.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती असेसमेंट शीटवर एका दमात मारलेल्या टिकांची. एका संस्थेत ऑडिटला गेलो असताना जीवरक्षण तंत्राच्या कोर्सची शीट समोर आली. 'उलटा लाइफराफ्ट लाइफजॅकेट घालून सरळ करणे' या रकान्यात (लाइफराफ्ट म्हणजे जहाज सोडावं लागलं तर वापरायचा फुगवता तराफा) अख्ख्या बॅचला टिक, सगळ्या एकाच पेनच्या. मी उपकरणांचं रजिस्टर मागवलं. त्या आठवड्यात राफ्ट सर्व्हिसिंगला गेला होता आणि दुसरा राफ्ट संस्थेकडे नव्हताच. इन्स्ट्रक्टर म्हणाला, "सर, व्हिडिओ दाखवलाय, सगळ्यांना कळलंय." बॅच परत बोलावली, तेव्हा काही मुलांना राफ्ट हलवताच येईना. राफ्ट फुगवणाऱ्या गॅस सिलिंडरच्या बाजूला पाय रोवून, पट्टा धरून अंग मागे झोकायचं असतं. ते पाण्यात उतरल्याशिवाय अंगवळणी पडत नाही.

म्हणून मी शीट कधीच एकटी तपासत नाही. रजिस्टर, इन्स्ट्रक्टरची हजेरी आणि तलावाचं वेळापत्रक शेजारी ठेवतो. तारखा जुळल्या नाहीत की तिथंच थांबतो. आणि असेसरची सही तलावाच्या काठावरच झाली पाहिजे. कागद भिजला तरी चालेल.

दुसरी चूक म्हणजे एनसी (नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे ऑडिटमध्ये नोंदवलेली त्रुटी) बंद करण्याची घाई. 'मूळ कारण : मानवी चूक. उपाय : संबंधितांना सूचना दिल्या.' असं उत्तर आलं की मी ते परत पाठवतो. राफ्टच्या एनसीवर पहिलं उत्तर हेच होतं. खरं कारण असं, की सर्व्हिसिंगची तारीख स्टोअरकडे आणि कोर्सचं वेळापत्रक ऑफिसकडे, दोघांचं एकमेकांशी बोलणंच नाही. आता वेळापत्रकात सर्व्हिसिंगची तारीख आधी पडते, बॅच नंतर. आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थेच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं कलम १०.२ उपाय लागू पडला का ते तपासायला सांगतं, म्हणून पुढची सर्व्हिसिंग होईपर्यंत मी ती एनसी उघडी ठेवली. व्यवस्थापन नाराज झालं, पण दुसरा प्रामाणिक मार्ग नव्हता.

दुसऱ्या संस्थेचं मॅन्युअल नाव बदलून वापरू नका. आपल्याच विभागाचं ऑडिट आपण करू नका. आयएमओचे (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचे) मॉडेल कोर्स मार्गदर्शनासाठी आहेत, ते छापले म्हणजे पाठयोजना झाली असं नाही. फीडबॅक फॉर्म प्रमाणपत्र हातात देताना भरून घेतलात तर सगळं 'उत्तम'च येणार. निकालाआधी आणि नावाशिवाय घ्या.

नवे क्वालिटी ऑफिसर पहिल्याच दिवशी तयार टेम्प्लेट मागतात. मी देत नाही. आधी एक बॅच सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून बघा : तलावावर, आग विझवण्याच्या मैदानावर, सिम्युलेटरवर. सिम्युलेटरवर असेसमेंट घेणाऱ्याला त्याच प्रकारच्या सिम्युलेटरवर, अनुभवी असेसरच्या देखरेखीखाली असेसमेंटचा सराव झालेला असावा लागतो, असं एसटीसीडब्ल्यू कोडचा विभाग ए-१/६ सांगतो. आयुष्यभर जहाज चालवलेल्या कॅप्टनलाही यातून सूट नाही. त्यांच्या फाइलमध्ये त्याचा पुरावा आहे का, हे पुढची बॅच सुरू होण्याआधी बघून घ्या.