कॉलेजला सॉफ्टबॉलचं नवीन मैदान आखताय? आधी हे वाचा

खान्देशात बऱ्याच ठिकाणी काळी माती, उन्हाळ्यात भेगा अन पावसात चिखल, म्हणून आधी इनफिल्डवर, म्हणजे बेसच्या मधल्या चौकोनावर, मुरूम टाकून पाणी मारा अन रोलर फिरवा, यात कंजूसी नको कारण पोरी स्लाइड मारतात तेव्हा गुडघे त्यांचेच सोलतात.

होम प्लेट, म्हणजे जिथे बॅटर उभा राहतो ती, शक्यतो पश्चिमेकडे ठेवा म्हणजे संध्याकाळच्या मॅचला बॅटरच्या डोळ्यात ऊन येत नाही. आता प्लेटच्या मागच्या टोकाला खुंटी ठोका, तिथून सरळ ८४ फूट सव्वादहा इंचावर सेकंड बेस. मग दोन टेप घ्या, एक होमपासून एक सेकंडपासून, दोन्ही ६० फुटांवर जिथे भेटतात तो फर्स्ट, तसंच दुसऱ्या बाजूला थर्ड. सुतळी ढिली सोडू नका हां, चौकोन तिथेच वाकडा होतो.

पिचिंग प्लेट, म्हणजे जिथून बॉल टाकतात ती, होमच्या खुंटीपासून मुलींसाठी ४३ फूट, मुलांसाठी ४६, तिच्याभोवती ८ फूट त्रिज्येचं वर्तुळ. फक्की सगळ्यात शेवटी मारा.

आणि हे काम टीमच्या पोरींकडूनच करून घ्या, आपलं होम ग्राउंड आहे.