पिन्सापारची वाट: चढाला नाही, उताराला घाबरा

सह्याद्रीत तंगडतोड केलेले पाहुणे दक्षिण स्पेनमध्ये मालागाला आमच्याकडे उतरले, की ग्रानादाचा अल्हाम्ब्रा राजवाडा बघून झाल्यावर दुसऱ्या दिवशी विचारतातच, "इथे एखादा ट्रेक नाही का गं?" माझं उत्तर ठरलेलं आहे: ग्रासालेमाची पिन्सापारची वाट. कादिस प्रांताच्या डोंगराळ कोपऱ्यात ग्रासालेमा हे पांढऱ्या घरांचं गाव आहे. त्याच्या पश्चिमेला सिएर्रा देल पिनार ही चुनखडकाची रांग उभी आहे. तिच्या उत्तर अंगाला पिन्सापो नावाच्या फर वृक्षांचं रान आहे. वाट ते रान आडवं कापत जाते आणि पलीकडे बेनामाओमा गावात उतरते. अंतर ११ किलोमीटरच्या आसपास. फोटो, खाणं, गप्पा धरून पाच तास ठेवा.

आधी परवान्याचं बघा. शनिवारी रात्री ठरवलं आणि रविवारी पहाटे राजगडाच्या पायथ्याशी हजर झालो, असं इथे जमत नाही. हा नैसर्गिक उद्यानातला राखीव पट्टा आहे आणि दिवसाला ठरावीक माणसांनाच सोडतात. परवान्याला पैसे पडत नाहीत, पण तो तारीख घालून आधी काढावा लागतो. अंदालुसिया या इथल्या राज्याच्या सरकारी संकेतस्थळावरून काढा, नाहीतर एल बोस्के गावातल्या माहिती केंद्रातून. एप्रिल-मेमधले शनिवार-रविवार भराभर भरतात, म्हणून विमानाची तिकिटं हातात आली की पुढचं काम हेच. परवाना मोबाईलवर उतरवून घ्या, रानात रेंजचा भरवसा नाही. पासपोर्ट सोबत ठेवा.

ऋतूच्या बाबतीत आपली सवय उलटी करायची. आपण पाऊस पडला की डोंगराकडे धावतो. इथे पाऊस हिवाळ्यात, आणि उन्हाळा म्हणजे वणव्याचे दिवस. १ जून ते १५ ऑक्टोबर या काळात या वाटेवर निर्बंध असतात, आणि याच रांगेतलं तोर्रेओन शिखर तर बंदच असतं. मे महिना मात्र उत्तम, आणि आपल्याकडच्या शाळांच्या सुट्ट्याही तेव्हाच. दुसरा पर्याय ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर. डिसेंबर ते फेब्रुवारीत वर धुकं असतं, कधी बर्फही. ग्रासालेमाला वर्षाला २,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. महाबळेश्वरकर हसतील, पण खाली सपाटीवरच्या सेविया शहरात त्याच्या जेमतेम पाव पडतो. अटलांटिकवरून आलेले ढग या डोंगरांना अडतात. एवढ्या दक्षिणेला, आफ्रिकेच्या तोंडाशी, फरचं रान टिकून आहे ते या ओलाव्यामुळे आणि उत्तरेकडच्या सावलीमुळे.

वाटेची सुरुवात ग्रासालेमाहून साहारा गावाकडे जाणाऱ्या घाटरस्त्यावर, गाडीतळापाशी होते. नऊच्या आत चालायला लागा. पहिल्या दीड-दोन किलोमीटरमध्येच साधारण ३०० मीटर चढायचे आहेत, तेही लावलेल्या पाइनच्या रानातून. काही ठिकाणी छातीवरचा चढ आहे, पण वाट मळलेली आणि वळणं घेत जाणारी आहे. बोलता बोलता चालता येईल इतकाच वेग ठेवा. पहिल्या वीस मिनिटांत गप्पा बंद पडल्या, तर पुढचा माणूस जोरात चाललाय. त्याला मागे पाठवा आणि सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे काढा.

इथे एक गोष्ट लहान मुलांना बजावून ठेवा. पाइनच्या फांद्यांवर पांढऱ्या रेशमी पिशव्या लटकलेल्या दिसतील. ती सुरवंटांची घरटी. हिवाळा सरता सरता हे सुरवंट खाली उतरून एकामागोमाग एक रांग धरून चालतात. दिसायला गंमत वाटते, पण त्यांचे केस अंगावर पुरळ उठवतात आणि डोळ्यात गेले तर फार वाईट. काडीनेही डिवचायचं नाही.

चढ संपतो तिथे उंची १,३०० मीटरच्या आसपास असते आणि वारा एकदम अंगावर येतो. घामेजलेल्या अंगाने उभं राहू नका, विंडचीटर चढवा आणि मग बसा. वर गिधाडं घिरट्या घालत असतात. महाराष्ट्रात गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने गिधाडांची काय दशा केली हे ज्यांना ठाऊक आहे, ते पाहुणे इथून लवकर हलत नाहीत. हलवू नये.

पुढची आडवी चाल म्हणजे या वाटेचा गाभा. डावीकडे तोर्रेओनच्या बाजूचे कडे, आणि वाट पिन्सापोंच्या सावलीत शिरते. या झाडाची फांदी बाटली धुवायच्या ब्रशसारखी असते: आखूड, ताठ पानं चहूबाजूंनी. शंकू फांदीवर उभे असतात आणि झाडावरच सुटे होऊन विखुरतात, म्हणून जमिनीवर अख्खा शंकू शोधत बसू नका. हे झाड निसर्गतः दक्षिण स्पेनच्या फक्त तीन डोंगररांगांत उगवतं: इथे, सिएर्रा दे लास नीएवेसमध्ये आणि सिएर्रा बेर्मेखामध्ये. १८३८ साली एदमों ब्वासिए या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पडलेली खोडं तशीच कुजू दिलेली आहेत. त्यांच्या आसपास बोटभर रोपं असतात, म्हणून फोटोसाठीसुद्धा वाट सोडू नका. मध्ये घसाऱ्याचे छोटे पट्टे लागतात. तिथे अंतर ठेवून एकेकाने पार व्हायचं, बस.

डबा या सावलीतच उघडा. पुढे ऊन आहे. आमच्याकडे दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मीठ लावलेली काकडी असते. शेगडी पेटवून चहा करायचा विचारही करू नका, सिगारेटही नाही. पाणी माणशी दोन लिटर घरूनच न्या, वाटेतल्या झऱ्यावर विसंबू नका. त्यातलं निम्मं उतारासाठी राखून ठेवा.

आता खरी परीक्षा. पिन्सापो मागे पडले, ओकची झाडं सुरू झाली, की माणसं "झालाच आता" म्हणत सुसाट सुटतात. इथून बेनामाओमापर्यंत जवळपास ८०० मीटर उतरायचं आहे, म्हणजे चढलात त्याच्या अडीचपटीहून जास्त, आणि दुपारचं ऊन समोरून. वाट रुंद पण सुट्या गोट्यांची आहे, आणि वर वाळकी पानं पसरलेली, खालचा गोटा दिसत नाही. म्हणून उतार लागायच्या आधी थांबा. बुटांच्या नाड्या घोट्यापाशी घट्ट आवळा, नाहीतर अंगठ्याची नखं काळी पडतील. काठ्या हातभर पुढे टेकतील इतक्या लांब करा. गुडघे किंचित वाकवून पावलं आखूड टाका, टाच आधी आपटू नका. चुनखडक कोरडा असताना बूट छान धरतो. ओला असेल, विशेषतः जिथे पायांनी घासून गुळगुळीत झालाय तिथे, त्याच्यावर पाऊल टाकूच नका, कडेच्या मातीवर टाका. गुडघेदुखी असलेल्या मंडळींना मी स्पष्ट सांगते: पिन्सापोंच्या रानात मनसोक्त बसा आणि आल्या वाटेने गाडीतळाला परत या. उत्तम ते सगळं तोवर बघून झालेलं असतं.

परतीची सोय सकाळीच करा. दोन गावांमध्ये बस फार थोड्या आहेत. गाडी सकाळी बेनामाओमात लावायची आणि आदल्या दिवशी सांगून ठेवलेल्या टॅक्सीने वर चढाच्या सुरुवातीला जायचं. म्हणजे संध्याकाळी दमलेल्या पायांनी कोणाची वाट बघावी लागत नाही. अडचण आलीच तर आपत्कालीन क्रमांक ११२.

बेनामाओमात नदीचा उगम आहे, तिथे तोंड धुवा. पायांत अजून जीव असलेल्यांनी नदीकाठाने एल बोस्केपर्यंत जावं, पाचेक किलोमीटर, बहुतेक सावलीतून. जेवायचं असेल तर चारच्या आत पोचा, नंतर स्वयंपाकघरं बंद होतात आणि रात्री साडेआठपर्यंत पेट घेत नाहीत. पायोया शेळीच्या दुधाचं चीज नक्की मागवा. शाकाहाऱ्यांनी मात्र नुसतं "मांस नको" म्हणून भागत नाही, भाजीत हॅमचे तुकडे आणि सॅलडवर ट्यूना हमखास असतो. "सिन हामोन, सिन आतून" (हॅम नको, ट्यूना नको) असं दोन्ही नावं घेऊन सांगा.