तोतरेपणा असेल तर स्वतःचाच आवाज उशिरा ऐकून बघा, कसं करायचं ते सांगतो

मी लहानपणापासून अडखळत बोलतो, दुकानात "पाव किलो" म्हणायचं तर त्या प वरच गाडी अडायची, पण गणपतीच्या आरतीत कधी अडकलो नाही आणि शाळेत सगळ्यांबरोबर प्रतिज्ञा म्हणतानाही नाही. तोतरं बोलणाऱ्या बहुतेकांचं असंच असतं, बरोबरीने दुसरा आवाज कानात आला की जीभ मोकळी होते.

डीएएफ (डिलेड ऑडिटरी फीडबॅक) म्हणजे आपलाच आवाज माइकमधून घेऊन किंचित उशिरा कानात सोडायचा, जणू कोणीतरी सोबत बोलतंय. गंमत म्हणजे 1950-51 मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ली यांनी दाखवलं होतं की नीट बोलणाऱ्या माणसाला त्याचा आवाज असा उशिरा ऐकवला तर तोच अडखळायला लागतो! आणि आपल्यातल्या अनेकांना उलट मोकळं वाटतं.

मोबाईलवर डीएएफची ॲप मिळतात. इअरफोन मात्र वायरचाच घ्या, ब्लूटूथ स्वतःचा डिले वाढवतं, मग तुम्ही ॲपमध्ये काय आकडा ठेवलाय त्याला काही अर्थच राहत नाही. सुरुवात 50 ते 70 मिलिसेकंदांनी करा. 200 च्या आसपास गेलात तर शब्द ताणत ताणत बोलावं लागतं, अडखळणं कमी होईलही पण असं बोलून बँकेत काम कसं होणार. आवाजाची पट्टी बदलायचं सेटिंग असेल तर तेही वेगळं ट्राय करा, काहींना त्याचा फायदा होतो. व्हॉल्यूम उगाच वाढवू नका.

आधी डिले न लावता पाच मिनिटं पेपर मोठ्याने वाचा, मग डिले लावून वाचा, आणि दोन्ही वेळेला दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करा, कारण नुसतं "बरं वाटलं" यावर विश्वास ठेवू नये. मग घरातल्या कोणाशी तरी गप्पा मारा, एकाच कानात इअरफोन ठेवून, म्हणजे समोरच्याचंही ऐकू येतं. वाचताना जेवढा फरक पडतो तेवढा गप्पांमध्ये बऱ्याचदा पडत नाही, तेव्हा खरी परीक्षा ही दुसरी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला खूप उशिरा कळलं. ब्लॉक आला, तोंड उघडंय पण आवाजच निघत नाही, तेव्हा हे मशीन काय परत ऐकवणार? काहीच नाही. म्हणून आवाज कसाही करून सुरू करायचा, हलकंसं "हं" म्हणून किंवा पहिला स्वर लांबवून, "अऽऽमित बोलतोय" असं, मग कानात आवाज येतो आणि पुढचं वाक्य त्याच्या आधाराने निघतं. हे न शिकता लोक दोन दिवसात ॲप काढून टाकतात, वाईट वाटतं.

काहींना अजिबात फरक पडत नाही, काहींना पडतो आणि नंतर ओसरतो, त्यात तुमचा दोष नाही. महागडं कानातलं यंत्र घ्यायच्या आधी फोनवर काही आठवडे बघा. लहान मुलांवर हा प्रयोग घरी करू नका, त्यांना सरळ स्पीच थेरपिस्टकडे न्या, मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे. आणि पोरगं अडखळलं की "हळू बोल, श्वास घे" म्हणणं आधी बंद करा प्लीज, त्याचं वाक्य त्याला पूर्ण करू द्या.

पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग जपून ठेवा, महिन्याने परत तोच मजकूर वाचून दोन्ही शेजारी शेजारी ऐका.