वाय-फाय रडतंय? राउटरची कंपनी बदलण्याआधी या चुका टाळा

घरातलं इंटरनेट सारखं अडकायला लागलं की बहुतेक घरांत दोनच निर्णय होतात. एक तर ‘ही कंपनीच भिकार आहे’ म्हणत कनेक्शन बदलायचं, नाही तर सहा अँटेनांचा नवा राउटर मागवायचा. दोन्हीत पैसे जातात आणि पुष्कळदा त्रास होता तिथेच राहतो, कारण दोष नेमका कुठे आहे हे कुणी पाहिलेलंच नसतं. बाहेरून आलेली फायबर, ती जिथे संपते ती ओएनटीची डबी, तिथून राउटर, आणि राउटरपासून मोबाइलपर्यंतची हवा असे हे चार वेगळे टप्पे आहेत. यातलं काहीही बिघडलं तरी स्क्रीनवर दिसतं एकच, गोल फिरणारं चक्र.

निदान न करताच औषध

मोबाइलवर स्पीड टेस्ट करून कंपनीला फोन लावणं ही पहिली चूक. बेडरूममध्ये दार लावून घेतलेली स्पीड टेस्ट कंपनीची लाइन मोजत नाही, ती तुमच्या भिंती मोजते. आधी लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा, वाय-फाय बंद करा आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये तीन पिंग चालवा (पिंग म्हणजे एखाद्या पत्त्यावर छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येतं ते बघणारी आज्ञा). पहिला राउटरच्या पत्त्यावर. हा पत्ता राउटरखालच्या स्टिकरवर असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, जिओच्या डबीत १९२.१६८.२९.१. दुसरा ८.८.८.८ वर (गुगलचा सर्व्हर) आणि तिसरा एखाद्या साइटच्या नावावर. विंडोजवर पत्त्यानंतर ‘-t’ लिहिलं की पिंग आपणहून थांबत नाही; प्रत्येक पिंग दोन-तीन मिनिटं चालू द्या.

केबलवरून राउटरचं उत्तर एक मिलिसेकंदाच्या आत यायला हवं. तिथेच उत्तरं गळत असतील तर केबल, पोर्ट किंवा राउटर खराब. पहिला पिंग स्वच्छ आणि दुसरा गळका असेल तर दोष ओएनटीत किंवा त्याच्या पलीकडे, म्हणजे कंपनीकडे. दुसरा ठीक, पण नावाने काहीच उघडत नसेल तर डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा, अडलंय; राउटरमध्ये डीएनएस १.१.१.१ आणि ८.८.८.८ टाकून बघा. (डीएनएस बदलल्यावर डाउनलोडचा वेग वाढतो हा व्हॉट्सॲपी समज आहे. पान उघडायला सुरुवात लवकर होते, इतकंच.) तिन्ही पिंग केबलवर उत्तम आणि वाय-फायवर मात्र राउटरचाच पिंग मध्येच दोनशे-तीनशे मिलिसेकंदांवर उसळत असेल तर दोष हवेत आहे. मग कनेक्शन कुठल्याही कंपनीचं घ्या, फरक पडणार नाही.

‘बंद करून चालू करा’ ऐकून रिसेट दाबणं

राउटरच्या मागचं टाचणीचं भोक रिस्टार्टसाठी नसतं. ते दहा सेकंद दाबून धरलं की राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड तर जातोच, पण पीपीपीओईचं (कंपनीच्या लॉगिनचं) युजरनेम-पासवर्ड आणि असल्यास व्हीलॅन क्रमांकही (कंपनीने लाइनला दिलेला क्रमांक) पुसला जातो, आणि तो कनेक्शन लावणाऱ्या मुलाखेरीज कुणाला माहीत नसतो. मग शनिवारी संध्याकाळी इंटरनेट बंद, ते सोमवारी तो येईपर्यंत. रिस्टार्ट म्हणजे नुसता प्लग काढायचा, अर्धा मिनिट थांबायचं, आधी ओएनटी चालू करायची, तिचा पॉनचा (फायबर जोडली गेल्याचा) दिवा स्थिर हिरवा झाला की मग राउटर.

नवा राउटर लावताना याचीच दुसरी बाजू दिसते. गल्लीतले बरेच केबलवाले तुमचं खातं जुन्या राउटरच्या मॅक पत्त्याला, म्हणजे उपकरणाच्या ओळख क्रमांकाला, बांधून ठेवतात. नव्या राउटरमध्ये युजरनेम अचूक टाकलं तरी लॉगिन होत नाही, आणि ‘राउटर डिफेक्टिव्ह आला’ म्हणून तो बिचारा परत जातो. एक तर केबलवाल्याला फोन करून नवा मॅक नोंदवून घ्या, नाही तर राउटरच्या वॅन (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटच्या) सेटिंगमध्ये ‘मॅक क्लोन’ हा पर्याय शोधून तिथे जुना पत्ता टाका. जुना राउटर काढण्याआधी त्याच्या वॅन पानाचा आणि खालच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवलात तर यातलं काहीच अडत नाही.

प्लॅन ३०० चा, वेग ९४ वर अडकलेला

केबलवर स्पीड टेस्ट दर वेळी ९३ ते ९५ एमबीपीएस दाखवत असेल, कधी १२० नाही की कधी ८० नाही, तर हा आकडाच निदान आहे. वाटेत कुठेतरी जोड १०० एमबीपीएसवर झालेली आहे. डेटासोबत जाणाऱ्या पत्त्यांचं ओझं काढल्यावर तिथे हातात उरतात ते साधारण ९४. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये इथरनेटची लिंक स्पीड बघा. १००/१०० दिसलं तर खात्री पटली. मात्र राउटर आणि ओएनटीमधली जोड लॅपटॉपवर दिसत नाही. ती तपासायला लॅपटॉप थेट ओएनटीला लावावा लागतो किंवा राउटरच्या वॅन पानावर बघावं लागतं.

कारणं तीन. पहिलं, पोर्टच तेवढ्याचा आहे. टीपी-लिंकचा आर्चर सी५० आजही घरोघर दिसतो. खोक्यावर ‘एसी१२००’ लिहिलेलं असतं, पण त्याचे सगळे पोर्ट १०० एमबीपीएसचे आहेत. १२०० हा आकडा २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ यांची गोळाबेरीज आहे. आत येणारा नळच शंभराचा असेल तर त्या बेरजेला काही अर्थ नाही. याच वर्गातल्या आर्चर सी६ चे पोर्ट गिगाबिट आहेत. ओएनटीच्या काही मॉडेलांतही फक्त लॅन १ गिगाबिट असतो आणि बाकीचे शंभराचे, तेव्हा राउटरची वायर आधी लॅन १ मध्ये घालून बघा.

दुसरं कारण केबलचं टोक. शंभराच्या जोडणीला आठपैकी चारच तारा लागतात, पिन १, २, ३ आणि ६. गिगाबिटला आठही लागतात. ४, ५, ७, ८ पैकी एक जरी तार नीट दाबली गेली नसेल तर बहुतेक उपकरणं तक्रार न करता मुकाट्याने शंभरावर उतरतात. इंटरनेट चालूच राहतं म्हणून वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. टोक कापून नव्याने क्रिंप करा, म्हणजे कनेक्टर चिमट्याने दाबून बसवा. कनेक्टरची खिट्टी खाली ठेवून डावीकडून क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका. बाहेरचं जाकीट कनेक्टरच्या आत जाऊन पकडलं गेलं पाहिजे, नाही तर केबल ओढली की तारांवरच ताण येतो.

तिसरं कारण केबलचा माल. ‘कॅट-६’ छापलेली, पण नेहमीच्या निम्म्या भावात मिळणारी केबल बहुधा सीसीए असते, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा. एक तार सोलून ब्लेडने खरवडा. आतून चंदेरी निघाली तर ॲल्युमिनियम. ही तार क्रिंपपाशी चटकन तुटते, लांब अंतरावर सिग्नल सांडते, आणि पीओई (लॅन केबलमधूनच वीज घेणाऱ्या) कॅमेऱ्यांसाठी वापरली तर तापते. घराचं काम काढलंय आणि केबल भिंतीत गाडायची आहे? मग पूर्ण तांब्याची साधी कॅट-५ई घ्या. गिगाबिट १०० मीटरपर्यंत तिच्यावर व्यवस्थित चालतं. मुलाम्याच्या कॅट-६ पेक्षा ती केव्हाही बरी.

जाता जाता, मेगाबिट आणि मेगाबाइट यांत आठपटीचा फरक असतो. १०० एमबीपीएसच्या लाइनवर फाइल सेकंदाला साडेबारा मेगाबाइटनेच उतरणार. यात कुणी फसवत नाही.

हवेतला गोंधळ

केबल ओढायला सोपं म्हणून राउटर दाराच्या वर, टीव्हीच्या मागे नाही तर विजेच्या पत्र्याच्या खोक्यात बसवला जातो. आरसीसीच्या भिंती, फ्रीज, मोठा आरसा, पाण्याची टाकी यांच्यामागे ५ गिगाहर्ट्झ टिकत नाही. ओएनटी हलवता येत नसली तर दहा-पंधरा मीटर लॅन केबल ओढून राउटर घराच्या मध्यभागी, खांद्याच्या उंचीवर आणा. एवढ्या एका बदलाने नवा राउटर घेण्याची वेळ टळल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

२.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. दाट इमारतीत चॅनलची रुंदी ४० मेगाहर्ट्झ ठेवली तर आपणच आपल्या पायावर धोंडा मारतो; २० ठेवा. ‘ऑटो’ सेटिंगवर काही राउटर १२ किंवा १३ वर जाऊन बसतात. भारतात ते चालतं, पण अमेरिकेत घेतलेल्या पुष्कळ फोन-लॅपटॉपना हे चॅनल दिसतच नाहीत. न्यू जर्सीहून सुट्टीला आलेल्या मुलीच्या लॅपटॉपवर घरचं वाय-फायच दिसत नाही आणि बाकी सगळ्यांचं चालतं, याचं कारण बऱ्याचदा हे असतं. चॅनल ११ वर खिळवून टाका.

स्मार्ट प्लग, बल्ब आणि बरेच स्वस्त कॅमेरे फक्त २.४ वर चालतात. दोन्ही बँड एकाच नावाखाली असले की त्यांचं सेटअप अडखळतं. थोडा वेळ २.४ ला वेगळं नाव द्या. सुरक्षा ‘फक्त डब्ल्यूपीए३’ (वाय-फायच्या संरक्षणाची नवी पद्धत) वर ठेवली तरी ही उपकरणं रुसतात, तेव्हा डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र ठेवा. डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने उपकरण जोडण्याची सोय) मात्र बंदच करा. त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो, हे २०११ मध्येच उघड झालं आहे.

रिपीटरबद्दल आमचं मत सरळ आहे: शक्यतो घेऊ नका. एकाच रेडिओवर ऐकायचं आणि बोलायचंही, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. वर माणसं तो जिथे रेंज मेली आहे तिथेच लावतात, म्हणजे तो मेलेलीच रेंज पुढे वाटतो. जुना राउटर पडून असेल तर त्याचं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद करा, त्याला १९२.१६८.१.२ सारखा मोकळा पत्ता द्या आणि मुख्य राउटरची केबल त्याच्या वॅनमध्ये नव्हे, लॅन पोर्टात घाला. फुकटात झाला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय देणारं दुसरं केंद्र. वॅनमध्ये घातलीत तर घरात एकाआड एक दोन नेटवर्क होतात आणि एका खोलीतला प्रिंटर दुसऱ्या खोलीतल्या लॅपटॉपला सापडत नाही.

फायबर, वीज आणि पहिला वळीव

ओएनटीवर एलओएसचा (सिग्नल नसल्याचा) लाल दिवा लागला की राउटरशी झटापट करू नका. प्रकाशच पोचत नाहीये. पिवळी पॅचकॉर्ड कुठे दुमडली आहे का, कपाटाखाली चेपली आहे का, उंदराने कुरतडली आहे का एवढं बघा. तिला घट्ट वळसा देऊ नका. हिरवं टोक हिरव्यातच जातं, निळ्यात नाही. टोक डोळ्यासमोर धरून ‘लाइट येतोय का’ बघणं तर अजिबात नको. तो लेझर दिसत नाही, पण असतो. ओएनटीच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची पातळी दिसली तर उणे १५ ते उणे २५ डीबीएम ठीक. उणे २७ च्या आसपास गेली की लाइन कधीही तुटते, आणि पावसात तर नक्कीच. तक्रारीत हा आकडा सांगितलात तर फोनवरची व्यक्ती ‘सर, राउटर रिस्टार्ट करा’ म्हणायची थांबते.

ॲडॉप्टरची अदलाबदल हाही नेहमीचा घोटाळा. ओएनटी आणि राउटरची पिन सारखीच दिसते, पण एक १२ व्होल्टचा आणि दुसरा ९ चा असू शकतो. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत. अँपिअर जास्त चालतील, कमी नाही. अमेरिकेतून आणलेल्या राउटरच्या ॲडॉप्टरवर ‘इनपुट १२० व्होल्ट’ एवढंच लिहिलं असेल तर तो इथे लावू नका. मिनी-यूपीएसच्या खोक्यावरचे ८००० एमएएच ३.७ व्होल्टला मोजलेले असतात, म्हणजे साधारण ३० वॅट-तास. त्यातले २५ हाती लागतात. ओएनटी आणि राउटर मिळून १० वॅट खात असतील तर अडीच तास, ‘आठ तास बॅकअप’ नव्हे.

दोन इमारतींच्या मधून तांब्याची लॅन केबल ओढून कनेक्शन दिलेलं असेल तर मे-जूनच्या गडगडाटात ती राउटरमधून काढून ठेवा. नुसता विजेचा प्लग काढून भागत नाही. पोर्ट जळतो तो केबलवाटे आलेल्या झटक्याने.

मग राउटरच्या कंपनीला काहीच अर्थ नाही?

आहे, पण खोक्यावरच्या नावाला कमी आणि त्यामागच्या सॉफ्टवेअरला जास्त. लिंक्सिस २००३ मध्ये सिस्कोने घेतली, २०१३ मध्ये बेल्किनला विकली. डी-लिंक मूळची तैवानची, पण तिच्या भारतीय कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत आहे. ‘अमेरिकन आहे म्हणून टिकेल, चिनी आहे म्हणून बिघडेल’ या हिशोबाला इथे फार आधार नाही. मे २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर या मालवेअरने लिंक्सिस, नेटगिअर, टीपी-लिंक, मायक्रोटिक अशा सगळ्यांचे मिळून पाच लाखांच्या वर राउटर पोखरले, आणि एफबीआयला लोकांना राउटर रिस्टार्ट करायला सांगावं लागलं. त्याच वर्षी मायक्रोटिकच्या विनबॉक्स या राउटर सेट करण्याच्या सॉफ्टवेअरमधलं भोक कंपनीने एप्रिलमध्येच बुजवलं होतं, तरी अपडेट न केलेले राउटर पुढे कित्येक महिने लुटले जात राहिले.

म्हणून घेण्याआधी त्या मॉडेलच्या डाउनलोड पानावर शेवटचं फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) कधीचं आहे ते बघा. दोन-तीन वर्षांत काहीच आलं नसेल तर सवलत कितीही असो, सोडून द्या. अपडेट करताना स्टिकरवरची हार्डवेअर आवृत्ती जुळवा. एकाच नावाच्या व्ही३ आणि व्ही६ मध्ये आतली चिप वेगळी असू शकते, आणि चुकीच्या फाइलने राउटरची वीट होते, म्हणजे तो निकामी होतो. मायक्रोटिक दणकट आहे, पण सेटिंग समजून घ्यायची तयारी नसेल तर घरी आणू नका.

आणि दोष खरोखर ब्रॉडबँड कंपनीचाच निघाला तर दुसऱ्या पिंगचा स्क्रीनशॉट, वेळ आणि प्रकाशाचा आकडा जोडून तक्रार लेखी करा आणि डॉकेट क्रमांक (तक्रारीचा नोंद क्रमांक) मागून घ्या. तो क्रमांक असला की तक्रार न सुटल्यास त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे दाद मागता येते. नुसत्या ‘नेट स्लो आहे’ या फोनची कुठे नोंदही सापडत नाही.