कासवाच्या जीनोममधला रिपीट डीएनए स्वतः कसा बघायचा

एमएस्सीला आहात, प्रोजेक्टसाठी चांगला विषय हवाय, पण लॅब नाही आणि सीक्वेन्सिंगला पैसे नाहीत, तर कासवाचा जीनोम घ्या आणि त्यातला रिपीट, म्हणजे पुन्हापुन्हा येणारा डीएनए बघा. डेटा फुकट आहे, काम लॅपटॉपवर होतं आणि विषय इतका भारी आहे की एकदा शिरलात की बाहेर यावंसं वाटत नाही. खाली जे लिहिलंय ते मुख्यतः हिरव्या समुद्री कासवावर, म्हणजे चेलोनिया मायडासवर करायचं आहे, कारण त्याचा जीनोम क्रोमोसोमपर्यंत नीट जोडलेला मिळतो. शेवटी मऊ पाठीच्या कासवांवर एक प्रयोग दिलाय, तो मला सगळ्यात जास्त आवडतो.

आधी थोडं क्रोमोसोमबद्दल, कारण हे न बघता सरळ रिपीट मोजायला बसणारेच जास्त असतात. कासवांमध्ये क्रोमोसोमची संख्या २६ पासून ६८ पर्यंत जाते. ॲमेझॉनच्या पोडोक्नेमिस गटात २८, त्यांच्याच नात्यातल्या पेल्टोसेफॅलसमध्ये २६, आणि न्यू गिनी-उत्तर ऑस्ट्रेलियातल्या कॅरेटोकेलिसमध्ये ६८. समुद्री कासवांमध्ये ५६, म्हणजे २८ जोड्या, त्यातल्या काही भल्यामोठ्या आणि बाकीच्या अगदी ठिपक्यासारख्या, ज्यांना मायक्रोक्रोमोसोम म्हणतात. हे ठिपके उरलासुरला माल नाहीत, उलट त्यांच्यात जीन्स दाटीवाटीने असतात आणि जीसीचं (जी आणि सी या बेसचं) प्रमाण जास्त असतं. म्हणून ‘कासवाच्या जीनोममध्ये अमुक टक्के रिपीट’ असा एकच आकडा काढून थांबू नका, तो आकडा क्रोमोसोमवर पसरून बघा, मोठ्यांवर किती, छोट्यांवर किती, टोकाला काय, मध्ये काय. खरी माहिती तिथे आहे.

जीनोम निवडताना

एनसीबीआयच्या (अमेरिकेतला सार्वजनिक डेटाबेस) जीनोम विभागात प्राण्याचं शास्त्रीय नाव टाका आणि ‘क्रोमोसोम लेव्हल’ असा शिक्का असलेलीच असेंब्ली (तुकडे जोडून बांधलेला जीनोम) उतरवून घ्या. हिरव्या कासवाचा पहिला मसुदा २०१३ मध्ये आला, त्याच वर्षी चिनी मऊ पाठीच्या कासवाचा आणि अमेरिकेतल्या पेंटेड टर्टलचाही आला, पण हिरव्या कासवाचा तो मसुदा छोट्या रीड्सवर (मशीनने वाचलेल्या डीएनएच्या तुकड्यांवर) बांधलेला होता आणि छोट्या रीड्सचं रिपीटशी जमत नाही. आरतीचं ध्रुपद प्रत्येक कडव्यानंतर येतं ना, वहीचे तुकडे केले आणि एका तुकड्यावर फक्त ध्रुपदच असेल तर तो कुठल्या कडव्यानंतरचा ते सांगता येत नाही, तसंच इथे होतं आणि सॉफ्टवेअर सगळी ध्रुपदं एकावर एक ठेवून एकच करून टाकतं. मग रिपीट आहेत त्यापेक्षा कमी दिसतात. २०२३ मध्ये हिरवं कासव आणि लेदरबॅक (दुसरं एक समुद्री कासव) दोघांच्या लांब रीड्सवरच्या असेंब्ली प्रसिद्ध झाल्या, साधारण २.१ अब्ज बेसच्या, दोन्हीत २८ क्रोमोसोम आणि रिपीटचा वाटा ४० टक्क्यांच्या वर. याच घ्या.

फाइल उतरली की पहिलं काम म्हणजे सॅमटूल्सने इंडेक्स करून लांबीची यादी काढणं. कॅरिओटाइपमध्ये (क्रोमोसोमच्या संचात) २८ जोड्या आहेत, यादीत २८ मोठे तुकडे दिसतात का ते बघा. दुसरं कासव घेतलंत आणि आकडा जुळला नाही तर आधी ते सोडवा, बऱ्याचदा मायक्रोक्रोमोसोमच तुटलेले किंवा चुकून दुसऱ्याला चिकटलेले असतात. लांबी उतरत्या क्रमाने मांडा, मोठे कुठे संपतात आणि छोटे कुठे सुरू होतात त्याची रेष तुम्हालाच ओढायची आहे. ती किती मेगाबेसवर ओढली ते रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहा, कारण प्रत्येक पेपरात ती वेगळी असते आणि नंतर तुलना करताना गोंधळ होतो.

रिपीट शोधणं

मशीन साधं असेल तर दोन सोपे मार्ग आहेत. एक, एनसीबीआयची जीनोम फाइल बहुतेक वेळा आधीच सॉफ्ट-मास्क केलेली असते, म्हणजे रिपीटचा भाग लहान लिपीतल्या अक्षरांत आणि बाकी मोठ्या लिपीत. पायथनच्या चार ओळींत दर एक लाख बेसच्या खिडकीत लहान अक्षरं किती ते मोजता येतं, अर्ध्या तासात पहिला ग्राफ तयार. यातून कुठल्या जातीचे रिपीट ते कळत नाही, फक्त कुठे आहेत ते कळतं. दोन, काही जीनोमच्या फोल्डरमध्ये रिपीटमास्करची (रिपीट ओळखून झाकणारा प्रोग्राम) तयार आउट फाइल असते. तिच्या वरच्या तीन ओळी काढून टाका, सुरुवातीच्या आकड्यातून एक वजा करा (आउट फाइल एकपासून मोजते, बेड फाइल शून्यापासून), बेड फाइल बनवा आणि बेडटूल्सच्या कव्हरेज कमांडने खिडक्यांवर टाका. नुसत्या ओळींच्या लांब्या बेरीज करू नका, एका रिपीटच्या पोटात दुसरा घुसलेला असतो आणि तोच तुकडा दोनदा मोजला जातो. एन अक्षरं म्हणजे गॅप, ते भाजकातून वगळा नाहीतर गॅप असलेल्या खिडकीत रिपीट कमी असल्याचा भास होईल.

पण खरं काम करायचं तर स्वतःची लायब्ररी, म्हणजे रिपीटच्या नमुन्यांची यादी, बांधावी लागते. आधी रिपीटमॉडेलर (नवे रिपीट शोधणारा प्रोग्राम), त्यात एलटीआर (रिपीटची एक जात) शोधायचा पर्याय चालू ठेवून, आणि मग ती लायब्ररी डीफॅमच्या (ज्ञात रिपीटचा डेटाबेस) नोंदींबरोबर जोडून रिपीटमास्कर. दोन अब्ज बेसला वेळ लागतो, कॉलेजचा सर्व्हर असेल तर वीकेंडला लावून द्या, नसेल तर गॅलक्सीच्या मोफत सर्व्हरवर दोन्ही प्रोग्राम आहेत. रिपीटमास्कर चालवताना अलाइनमेंट जतन करायचा पर्याय सुरुवातीलाच चालू करा, तो राहिला तर पुढे लँडस्केप ग्राफ (रिपीटच्या प्रती मूळ क्रमापासून किती टक्के बदलल्या ते दाखवणारा) काढता येत नाही आणि सगळं परत चालवायला लागतं.

आता एक गोष्ट जी कासवांत फार महत्त्वाची आहे. रिपीटमॉडेलरला ट्रान्सपोझॉन (जीनोममध्ये जागा बदलणारा डीएनए) कळत नाही, त्याला फक्त ‘हे पुष्कळदा येतं’ एवढं कळतं. आणि हिरव्या कासवात वास ओळखणाऱ्या रिसेप्टरची जीन्स भरपूर वाढलेली आहेत, प्रतिकारशक्तीची एमएचसी जीन्सही, त्यातली बरीच मायक्रोक्रोमोसोमच्या काही ठरावीक भागांत आहेत जिथे हिरवं कासव आणि लेदरबॅक एकमेकांपासून वेगळे दिसतात. नाहीतर या दोघांचे क्रोमोसोम साधारण सहा कोटी वर्षांनंतरही जवळजवळ जसेच्या तसे जुळतात! म्हणजे ही जीन्स ‘अननोन’ नावाने रिपीट लायब्ररीत शिरली आणि मास्क झाली तर जीनोममधला सगळ्यात बोलका भागच पुसला जाईल. म्हणून मास्किंगच्या आधी लायब्ररीतले अननोन क्रम प्रोटीन डेटाबेसवर ब्लास्ट करा आणि ज्यांना ट्रान्सपोझॉन सोडून दुसऱ्या खऱ्या प्रोटीनशी जुळणी मिळते ते काढून टाका. कंटाळवाणं आहे, तरी करा.

निकाल आला की सगळ्यात वर बहुधा सीआर१ दिसेल. हा लाइन नावाच्या ट्रान्सपोझॉन प्रकारातला रिपीट, कोंबडीत पहिल्यांदा सापडला म्हणून चिकन रिपीट, पण कासवांमध्ये त्याच्या बऱ्याच जुन्या शाखा टिकून आहेत ज्या पक्ष्यांमध्ये फारशा उरल्या नाहीत. लँडस्केप ग्राफमध्ये डावीकडचा उंचवटा म्हणजे अलीकडे पसरलेले रिपीट आणि उजवीकडचा म्हणजे म्हातारे. त्या टक्क्यांना कोटी वर्षांत बदलताना उंदराचा किंवा माणसाचा म्युटेशन रेट वापरू नका, कासवांचा डीएनए फार संथ बदलतो आणि तुमचं उत्तर कितीतरी चुकेल.

सॅटेलाइट आणि टेलोमिअर

एकामागे एक रांगेत येणारे रिपीट, ज्यांच्या लांब रांगांना सॅटेलाइट म्हणतात, ते टँडम रिपीट्स फाइंडर या प्रोग्रामने काढा. नेहमीचे आकडे २, ७, ७, ८०, १०, ५०, ५०० असे देतात, शेवटचा ५०० मात्र वाढवून २००० करा म्हणजे लांब युनिटवाले सॅटेलाइट सुटणार नाहीत. जे युनिट बऱ्याच क्रोमोसोमवर प्रत्येकी एकाच ठिकाणी मोठ्या पट्ट्यात दिसतं ते सेंट्रोमिअरचं असू शकतं. खात्री फिशशिवाय (क्रोमोसोमवर चमकणारी खूण चिकटवून बघण्याची पद्धत) होत नाही, त्यामुळे ‘संभाव्य’ हा शब्द ठेवा.

टेलोमिअर, म्हणजे क्रोमोसोमचं टोक, सोपं आहे. टीटीएजीजीजी आणि त्याचा उलटा सीसीसीटीएए प्रत्येक क्रोमोसोमच्या दोन्ही टोकांच्या दहा हजार बेसमध्ये मोजा, म्हणजे कुठलं टोक पूर्ण जोडलंय ते लगेच कळतं. मग आतल्या भागातही शोधा. पोडोक्नेमिसमध्ये, जिथे क्रोमोसोमची संख्या इतकी कमी आहे, तिथे टेलोमिअरसारखे पट्टे क्रोमोसोमच्या आत दिसलेले आहेत आणि जुने क्रोमोसोम जोडले गेल्याची ती खूण असू शकते. असू शकते म्हणतोय कारण हाच क्रम साध्या सॅटेलाइटसारखाही वाढू शकतो. दुसऱ्या कासवाच्या क्रोमोसोमशी जुळवून तिथे खरंच दोन वेगळे क्रोमोसोम मिळतात का ते बघितल्याशिवाय फ्यूजन लिहू नका.

रिपीटवरून नर-मादी

आता तो शेवटचा प्रयोग. वेळास-आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर येणारी ऑलिव्ह रिडले आणि बाकी सगळी समुद्री कासवं, यांचं लिंग अंड्यांच्या तापमानावर ठरतं, वाळू जास्त गरम तर माद्या जास्त. त्यामुळे त्यांच्या जीनोममध्ये लिंग क्रोमोसोम शोधत बसण्यात अर्थ नाही. मऊ पाठीच्या कासवांचं तसं नाही. चिनी सॉफ्टशेल आणि अमेरिकेतलं स्पायनी सॉफ्टशेल, दोन्हीत ६६ क्रोमोसोम, मादी झेडडब्ल्यू आणि नर झेडझेड, आणि हे झेड-डब्ल्यू दोन्ही मायक्रोक्रोमोसोम. त्यांच्यावरच रायबोसोमच्या आरएनएची जीन्स रांगेने आहेत आणि डब्ल्यूवरची रांग झेडपेक्षा खूप मोठी आहे. म्हणजे मादीत रायबोसोमल डीएनएच्या प्रती जास्त. यावरून क्यूपीसीआरने (प्रती मोजणारं पीसीआर) सॉफ्टशेलचं लिंग ओळखायची पद्धत २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, म्हणजे ज्या रिपीटला आपण मास्क करून बाजूला सारतो त्यानेच काम झालं!

हे कॉम्प्युटरवरही होतं. एसआरएमधून (कच्च्या रीड्सचा सार्वजनिक साठा) सॉफ्टशेलचे इलुमिनाचे रीड्स घ्या ज्यांचं लिंग नोंदवलेलं आहे. संदर्भासाठी एक १८एसचा (रायबोसोमच्या आरएनएचं एक जीन) क्रम आणि बुस्कोच्या यादीतली, एकच प्रत असलेली शंभरेक जीन्स, एवढंच ठेवा. पूर्ण जीनोम वापरलात तर रायबोसोमच्या प्रती अनेक जागी असल्याने रीड्स वाटल्या जातात आणि मॅपिंग क्वालिटी शून्य होते, मग क्वालिटीचा फिल्टर लावला की नेमका हवा तोच डेटा गायब. १८एसची सरासरी डेप्थ (एका जागेवर किती रीड्स पडतात ते) भागिले त्या जीन्सची मध्यक डेप्थ, हा तुमचा प्रतींचा अंदाज. रायबोसोमच्या प्रती माणसागणिक बदलतात तशा कासवागणिकही बदलतात, त्यामुळे एक नर एक मादी घेऊन निष्कर्ष काढू नका, आणि पीसीआर-फ्री लायब्ररी मिळाली तर तीच घ्या कारण जास्त जीसीचा भाग पीसीआरमध्ये नीट वाढत नाही. तुलनेला समुद्री कासवाचे नर-मादी घ्या, तिथे असा ठरावीक फरक दिसायला नको. दिसला तर पद्धतीत काहीतरी बिघडलंय.

आपल्या तळ्या-नद्यांतलं फ्लॅपशेल, लिसेमिस पंक्टाटा, त्याचेही क्रोमोसोम ६६ आहेत, त्यामुळे हे त्याच्यावर करून बघायची इच्छा होणारच. पण ते आणि ऑलिव्ह रिडले दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत, वनविभागाची परवानगी नसेल तर रक्त सोडा, कासवाला हातही लावायचा नाही. परवानगी असलेल्या गटाबरोबर काम मिळालं तर एवढं लक्षात ठेवा: कासवाच्या लाल पेशींतही केंद्रक असतं, त्यामुळे दोन-चार थेंबांत भरपूर डीएनए मिळतो, जास्त रक्त मागू नका. क्रोमोसोम बघायला पेशी वाढवायच्या असतील तर लिथियम हेपॅरिनची नळी वापरा, ईडीटीएमध्ये पुष्कळ कासवांच्या लाल पेशी फुटतात, आणि कल्चर ३७ ऐवजी २८ ते ३० अंशांवर ठेवा. नुसता डीएनए हवा असेल तर थेट इथेनॉलमध्ये टाका, कारण हेपॅरिन नंतर पीसीआर अडवतं आणि क्यूपीसीआरने प्रती मोजताना तेच नको असतं.